गेल्या रविवारी गेलेय, पण 'हॅव गॉन' नाही

तर झालं असं की गेल्या शनिवारी ताईकडे गेलो होतो. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून कर्जत लोकल, स्टेशनवर उतरून दिवाडकरांचे वडे बांधून घेतले आणि घरी पोचतो न पोचतो तोच भाचीने पेपर पुढे केला. आठवीत आहे, मराठी माध्यम. इंग्रजीच्या चाचणीत एका वाक्याला लाल गोल पडला होता आणि अर्धा मार्क गेला होता. वाक्य होतं, 'आय हॅव व्हिजिटेड माथेरान लास्ट संडे.'

"मामा, पण मी खरंच जाऊन आलेय की! गेल्या रविवारीच जाऊन आलेय."

मी लगेच सिनिअर माणसाच्या थाटात सांगून टाकलं, की 'लास्ट संडे', 'येस्टर्डे' असलं काही आलं की 'हॅव' उडवायचं. साधा भूतकाळ. 'आय व्हिजिटेड'. संपला विषय.

"पण का?"

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "रूल आहे." आम्ही राज्यातल्या पहिलीपासून इंग्रजी शिकणाऱ्या पिढीतले (ते २००० सालापासून सुरू झालं), त्यामुळे हा रूल मी तिच्याहून लहान असताना ऐकला आणि तिच्यासारखंच 'का' विचारलं होतं. उत्तरही हेच मिळालं होतं. परतीच्या गाडीत वांगणी येईपर्यंत मला स्वतःचाच राग येत होता. रोज कोड लिहिणाऱ्या माणसाने 'रूल आहे' म्हणून गप्प बसावं म्हणजे काय! मग हा सगळा आठवडा रात्री जेवण झाल्यावर वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते हे.

आधी एक गोष्ट नीट बघा. भाची काय बोलली? 'गेल्या रविवारीच जाऊन आलेय.' आलेय म्हणजे आले आहे. आपल्या शाळेच्या व्याकरणात याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात 'प्रेझेंट परफेक्ट' लिहिलेलं असतं. तिने तो तक्ता इमानदारीत वापरला. मराठी वाक्य शंभर टक्के बरोबर, तक्ता तोंडपाठ, आणि तरी अर्धा मार्क गेला! म्हणजे बग तिच्या डोक्यात नाही, तक्त्यात आहे.

मराठीत आपण बिनदिक्कत म्हणतो, 'हा पिक्चर मी मागच्याच आठवड्यात बघितलाय', 'त्याला मी काल सांगितलंय'. तारीख, वार, सगळं घालून. कारण इथे 'आहे' घड्याळाकडे बघत नाही. ते सांगतं, की बाबा रे, ही गोष्ट झालेली आहे, मी तिच्या मागे उभा आहे, आता वाद नको. इंग्रजीतलं 'हॅव' मात्र घड्याळाकडे बघतं. 'लास्ट संडे' म्हटलं की तो रविवार कुंपणापलीकडे गेला, दार बंद.

उलट बाजूनेही तक्ता फसतोच. 'जेवलास का?' हा आपला साधा भूतकाळ, पण शाळेतलं इंग्रजी तिथे 'हॅव यू ईटन' मागतं. अमेरिकन लोक मात्र सरळ 'डिड यू ईट' म्हणतात, म्हणजे या बाबतीत कर्जत लंडनपेक्षा न्यूयॉर्कला जवळ आहे :) आणि 'मी पाच वर्षं इथे राहतोय' या निव्वळ वर्तमानकाळाला इंग्रजीत परत 'हॅव बीन' लागतं. आपल्या भूतकाळाची तर मजाच आहे. आई हाक मारते तेव्हा आपण खोलीतून न हलता ओरडतो, 'आलो, आलो!' गाडीत गर्दी झाली की धडधाकट माणूस म्हणतो, 'मेलो!' यांना कुठल्या रकान्यात बसवणार?

या तक्त्याने मला एकदा चांगलंच गोत्यात आणलं होतं. नोकरीचं पहिलं वर्ष, रिलीजची रात्र. मी क्लायंटला मेल टाकला, 'वुई हॅड टेकन द बॅकअप येस्टर्डे.' डोक्यात मराठी वाक्य होतं, 'काल बॅकअप घेतला होता.' त्यात वावगं काय? दहा मिनिटांत पलीकडून फोन! बॅकअप घेतला 'होता', मग त्याचं नंतर काय झालं? उडाला का? इंग्रजी 'हॅड' ऐकलं की पुढे काहीतरी अघटित येणार असं त्या माणसाला वाटतं, आणि मी पुढे पूर्णविराम देऊन मोकळा झालो होतो. बॅकअप सुखरूप होता. मी नव्हतो.

असो. तर हा तक्ता आला कुठून?

मराठीचं पहिलं छापील इंग्रजी व्याकरण १८०५ सालचं, विल्यम कॅरी या मिशनऱ्याचं. मूळचा हा चांभारकाम करणारा इंग्रज. बंगालमधल्या सेरामपूरला त्याचा छापखाना आणि कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायची नोकरी. कंपनीच्या कोवळ्या साहेबांना मराठी शिकवायची होती, म्हणून वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने पुस्तक केलं. म्हणजे आपल्या भाषेचं इंग्रजी चौकटीत पहिलं मोजमाप सह्याद्रीपासून दीडेक हजार किलोमीटरवर झालं.

मग आले दादोबा पांडुरंग तर्खडकर. जन्म १८१४, मुंबई. 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली छापून आलं तेव्हा वय बावीस. (बाविसाव्या वर्षी मी एका कॉलेज प्रोजेक्टचा रिपोर्ट मित्राकडून कॉपी करत होतो, त्यामुळे जास्त बोलत नाही.) भाषांतर पाठमालावाले तर्खडकर वेगळे आणि हे वेगळे, माझा स्वतःचा वीस-बावीस वर्षं त्यात घोळ होता. दादोबांना पुढे मराठीचे पाणिनी म्हणायला लागले. पण त्यांनी डोळ्यांसमोर जो नमुना ठेवला तो पाणिनीचा नव्हता, लिंडले मरे नावाच्या माणसाच्या इंग्रजी व्याकरणाचा होता. मुंबईच्या शाळेत इंग्रजी शिकलेल्या मुलासमोर तेव्हा व्याकरण म्हणून तेच असणार.

हा मरे भारी माणूस आहे. जन्माने अमेरिकन, पेशाने वकील, पंथाने क्वेकर, आणि प्रकृतीपायी इंग्लंडात यॉर्कला येऊन राहिलेला. तिथल्या मुलींच्या एका शाळेतल्या शिक्षिकांनी गळ घातली म्हणून १७९५ साली त्याने व्याकरण लिहिलं आणि ते जिथे जिथे इंग्रजी गेली तिथे तिथे गेलं. आता भाचीच्या 'का'चं उत्तर त्याच्याकडे आहे का बघू. तो साधारण असं सांगतो, की 'हॅव'वाला काळ वापरायचा तर त्या गोष्टीचा आजशी धागा हवा. एक तर ज्या काळाबद्दल बोलतोय तो अजून सरलेला नको: हे वर्ष, हे शतक, आजचा दिवस. किंवा करणारा तरी शिल्लक हवा, नाहीतर त्याने केलेलं काम तरी. सिसेरोने भाषणं लिहिली ती उपलब्ध आहेत, म्हणून त्यांना 'हॅज रिटन' चालेल. त्याच सिसेरोच्या कविता हरवल्या, म्हणून त्यांना चालणार नाही.

माणूस तोच, मेलेला तेव्हाही अठराशे वर्षं, पण कागद टिकला की नाही यावर क्रियापद ठरणार! मी हे वाचून लॅपटॉप बाजूला ठेवला आणि खिडकीत जाऊन उभा राहिलो. (आजचं इंग्रजी इतकं उदार राहिलेलं नाही, हेही सांगायला हवं. शेक्सपिअरला कुणी आज 'हॅज रिटन' म्हटलं तर कानाला खटकतं. आता बहुतेक वेळा माणूस जिवंत लागतो.)

घड्याळाचा नियम मात्र इंग्रजीचा एकटीचा नाही. फ्रेंचांचं १६६० सालचं पोर्ट रॉयलचं व्याकरण सांगतं, की आज केलेल्या गोष्टीला एक रूप आणि कालच्या किंवा त्याआधीच्या गोष्टीला दुसरं. मधे एक रात्र जायला हवी. हे वाचून मी हसलो, कारण आपल्याकडे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास पाणिनीने हेच मांडून ठेवलंय. अद्यतन म्हणजे आजचं, अनद्यतन म्हणजे आजचं नसलेलं. अनद्यतन भूताला लङ्, नुसत्या भूताला लुङ्, आणि आपण स्वतः पाहिलेलं नाही अशा जुन्या गोष्टीला लिट्. दहावीला संस्कृतात लकार घोकताना हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर थोडी तरी गोडी लागली असती!

मग मराठीत ही तीन रूपं गेली कुठे? संस्कृतातच ती हळूहळू एकमेकांत मिसळली आणि लोक बोलताना सोपा रस्ता धरायला लागले. 'तो गेला' यासाठी 'गतः', म्हणजे गेलेला. 'त्याने केलं' यासाठी 'तेन कृतम्', म्हणजे त्याच्याकडून केलेलं. मराठीचं गेला, केलं याच वाटेने आलं. म्हणूनच आपण 'त्याने भाकरी खाल्ली' म्हणतो आणि क्रियापद खाणाऱ्याला सोडून भाकरीच्या मागे जातं. थोडक्यात, आपला आजचा साधा भूतकाळ हाच एके काळचा 'परफेक्ट'. तो झिजून साधा झाला, मग लोकांना नवा हवा झाला, म्हणून त्याच्यापुढे 'आहे' जोडलं: गेला आहे. तेही आता झिजून गेलाय झालंय. इंग्रजीने 'हॅव' जोडलं, कारण तिथे मूळ कल्पना मालकीची होती: माझ्याकडे पत्र लिहिलेलं आहे. आपल्याकडे 'हॅव'ला क्रियापदच नाही, सगळं 'असण्या'वर चालतं. तिथे बाळगणं, इथे असणं. एका रकान्यात बसवली तरी ही जोडी सख्खी नाही, चुलत म्हणा फार तर.

दादोबांना दोष द्यायचा नाहीये. चौकट घेतली तरी त्यांनी भाषा मन लावून ऐकली, आणि पुढे मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा केवढा तरी ग्रंथ केला तो याच पायावर. पण शाळेपर्यंत पोचता पोचता सगळा विचार गळला आणि दोन रकाने उरले.

आता मरेचा नियम घेऊन आमच्या तालुक्यांत जरा फिरून येऊ. रेल्वे खोपोलीपर्यंत आली १८५६ साली, तेव्हा तिला कॅम्पुली म्हणायचे. पुढे घाट. माणसं खोपोलीला उतरून पालखीने नाहीतर चालत खंडाळ्याला जायची आणि वर दुसरी गाडी पकडायची. बोरघाटातून रूळ पडून गाडी धावली १८६३ साली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालवलं. हजारो मजूर घाटात पटकीने आणि अपघातांत गेले. ॲलिस नाही, मजूर नाहीत, पण कर्जतला अजून गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात आणि तेवढ्यात लोक वडा खाऊन घेतात. काम शिल्लक आहे. म्हणजे मरे म्हणेल, 'हॅव बिल्ट' खुशाल लिही.

घाटात वर अमृतांजन पूल होता. बाम विकणाऱ्यांच्या पाटीवरून नाव पडलेला, १८३० सालचा. एप्रिल २०२०मध्ये लॉकडाऊनचा रस्ता रिकामा मिळाला म्हणून सुरुंग लावून तो पाडला. म्हणजे मार्चपर्यंत इंग्रजांनी तो 'हॅव बिल्ट', आणि एका आठवड्यात नुसतंच 'बिल्ट'. एका स्फोटात एकशे नव्वद वर्षांचं क्रियापद बदललं!

आणि उंबरखिंड? खालापूर तालुक्यात, छावणी गावाजवळ. २ फेब्रुवारी १६६१ला महाराजांनी कारतलबखानाला तिथे कोंडला. शाळेच्या सहलीला गेलो तेव्हा बरोबरचे सर आवाज चढवून म्हणाले होते, "याच खिंडीत मावळ्यांनी खानाला धूळ चारलेली आहे!" साडेतीनशे वर्षं झालेली, करणारे कुणी नाहीत, आणि तरी 'आहे'. कुठल्याही मराठी भाषणात ऐका, पूर्वजांनी रक्त सांडलेलं असतं, इतिहास घडवलेला असतो. इंग्रजीत हे वाक्य उभंच राहणार नाही. सरांच्या मराठीत ते अगदी ताठ उभं होतं, कारण त्या 'आहे'मागे सर स्वतः उभे होते.

इथवर मला मजा वाटत होती. मग इर्शाळगड आठवला.

चौकजवळ नानिवली, तिथून चालत तासाभराच्या चढावर इर्शाळवाडी, ठाकरांची वस्ती, आणि तिच्या डोक्यावर गड. कॉलेजात असताना आम्ही दोनदा गेलो होतो, २०१८ आणि २०१९च्या जानेवारीत. ट्रेकच्या ग्रुपसाठी इंग्रजीत टिपण लिहायचं काम माझ्याकडे असायचं. ते अजून माझ्या ड्राइव्हवर आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री मुसळधार पावसात वाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रं नेता येईनात, माणसांनी हाताने उपसलं. २३ जुलैला शोध थांबवला. २७ मृतदेह मिळाले होते. ५७ जण मिळाले नव्हते.

ते चार दिवस मी बातम्या दोन्ही भाषांत वाचत होतो. भाचीचा पेपर बघेपर्यंत जे लक्षात आलं नव्हतं ते आता आलं. मराठीत नकार दोन तऱ्हांनी देता येतो. 'सापडले नाहीत' आणि 'सापडलेले नाहीत.' फरक बारीक आहे, पण कुठल्याही मराठी माणसाला विचारा. 'मी जेवलो नाही' म्हणजे ते जेवण हुकलं, विषय संपला. 'मी जेवलेलो नाही' म्हणजे अजून ताट वाढलंत तर बसेन. शोध चालू होता तोवर ५७ माणसं 'सापडलेली नाहीत' होती. शोध थांबला त्या संध्याकाळी ती 'सापडली नाहीत' झाली. इंग्रजीतही नेमकी तिथेच 'हॅव नॉट बीन फाउंड' आणि 'वेअर नॉट फाउंड' अशी वाट फुटते. हा एकच रकाना असा निघाला जिथे तक्ता दोन्ही बाजूंनी जुळला.

बुधवारी रात्री ते जुनं टिपण उघडलं. वाटलं, ग्रुपमधली नवी पोरं कधी वाचतील, निदान काळ तरी दुरुस्त करू. 'इर्शाळवाडी इज अ स्मॉल हॅम्लेट' यातलं 'इज' बदलून 'वॉज' केलं. टाइप करायला तीन सेकंद. 'द व्हिलेजर्स हॅव ऑल्वेज वेल्कम्ड ट्रेकर्स' यातलं 'हॅव' काढलं, 'ऑल्वेज' तसंच ठेवलं. 'वुई हॅव स्टेड हिअर ट्वाइस' हे वाक्य मात्र तसंच बरोबर आहे. राहिलेले आम्ही, आणि आम्ही आहोत. फक्त 'हिअर'चं 'देअर' केलं.

मग आलं शेवटचं. 'द ओल्ड लेडी इन द लास्ट हाउस हॅज नेव्हर टेकन मनी फॉर टी.' शेवटच्या घरातल्या आजी. दोन्ही वेळा आमचे पैसे त्यांनी परत केले होते, दुसऱ्या वेळी तर वर मूठभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या. आम्ही सहा-सात जण होतो, फोटो दीडशे काढले, गडाच्या नेढ्याचे, ढगांचे, एकमेकांचे. आजींचा एक नाही. नाव कुणीच विचारलं नाही. नंतर नावांच्या याद्या आल्या तेव्हा त्यात काय शोधायचं तेच कळेना. वस्तीतले बरेच जण वाचले. त्यांत त्या असतील, किंवा त्या जुलैच्या आधीच मुलीकडे खाली राहायला गेल्या असतील, किंवा नसतील. 'हॅज नेव्हर टेकन' की 'नेव्हर टुक'? चहा तर तेव्हाच पिऊन झाला, म्हणजे मरेच्या हिशेबाने काम शिल्लक नाही, सगळं करणाऱ्यावर आलं.

ग्रुपमधल्या एकाला विचारलं, तुला काही माहितेय का? तो म्हणाला, "अरे, कुठल्या आजी?"

ते वाक्य मी अजून बदललेलं नाही. उद्या सकाळी कर्जतला जातोय, तिथून चौकला जाऊन येईन म्हणतो. वाडीतली वाचलेली माणसं कुठे राहतात ते तिथे विचारलं की कळेल. भाचीलाही यायचंय. तिला अर्ध्या मार्काचं कारण बसमध्ये सांगतो.